नाशिकमधील गॅरेज आणि स्त्री ग्राहक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातील गॅरेजचालक आणि स्वतः गाडी घेऊन दुरुस्तीला जाणाऱ्या स्त्रिया, या दोघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. गॅरेजचालकांचे प्रश्न आधी, ग्राहकांचे नंतर आणि गुंतागुंतीचे प्रसंग शेवटी दिले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक नमूद केला आहे.

१. गाडी पुरुषाची असो की बाईची, बिघाड सारखाच असतो. मग स्त्री ग्राहकांसाठी वेगळे काही करायचे कशासाठी?

बिघाड सारखा असतो, पण वागणूक सारखी मिळत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या, कॉलेज रोडवर शिकायला किंवा शिकवायला जाणाऱ्या, नाशिकरोडहून रोज शहरात येणाऱ्या असंख्य स्त्रिया स्वतःची स्कूटर किंवा कार स्वतः चालवतात आणि तिचे हप्तेही स्वतःच फेडतात. परंतु सर्व्हिसिंगची वेळ आली की त्यांतील अनेक जणी गाडी भावाच्या, नवऱ्याच्या किंवा कार्यालयातील सहकाऱ्याच्या हाती देतात. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली असतात : तिथे बोलायचे कोणाशी हे कळत नाही, न विचारता कामे वाढवली जातात, किती वेळ लागेल हे कोणी सांगत नाही आणि तोवर थांबायला जागा नसते. या तक्रारी पुरुषांच्याही आहेत. मात्र पुरुष ग्राहक शेजारच्या टपरीवर चहा घेत वेळ काढतो, मेकॅनिकच्या बाजूला बसून काम पाहतो, दोन प्रश्न विचारतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात, दहा जणांच्या नजरा आपल्याकडे असताना, स्त्रीला तेवढे सहजपणे करता येत नाही. म्हणून पुढे सुचवलेले बहुतेक बदल सगळ्यांच्याच सोयीचे आहेत, पण त्यांच्या अभावाचा भार सर्वाधिक स्त्रियांवर पडतो.

२. माझे गॅरेज दोन शटरचे आहे, दोन मुले हाताखाली आहेत. मोठा खर्च न करता सुरुवात कुठून करावी?

सुरुवात लेखी कामापासून करावी. नेहमीच्या कामांच्या दरांचा फलक, प्रत्येक गाडीसाठी जॉब कार्ड आणि काम वाढल्यास आधी फोन, या तीन गोष्टींना एक फलक आणि एक छापील वही एवढाच खर्च येतो. रंगरंगोटी, सोफा, वातानुकूलन हे सारे त्यानंतरचे आहे. काचेची केबिन उभारूनही बिलाचा आकडा गाडी नेतानाच कळत असेल, तर त्या ग्राहक पुन्हा येत नाहीत. उलट साधे लोखंडी स्टूल असलेल्या गॅरेजात सांगितलेल्या आकड्यालाच काम होत असेल, तर त्या मैत्रिणींनाही तिथेच पाठवतात.

३. सगळ्या कामांचे दर फलकावर कसे लिहिणार? गाडी उघडल्याशिवाय काम कळत नाही, आणि शेजारचा आमचे दर वाचून दहा रुपये कमी लावेल.

सगळे दर लिहिण्याची गरज नाही. इंजिन ऑइल बदलणे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक शू किंवा ब्रेक पॅड, क्लच केबल, पंक्चर, वॉटर सर्व्हिसिंग, बॅटरी तपासणी आणि स्कूटरचा बेल्ट-रोलर ही रोजची कामे आहेत. त्यांची मजुरी ठरलेली असते, तेवढी लिहावी. पार्टची किंमत पाकिटावर छापलेली असते, ती दाखवावी. इंजिनाचे काम, वायरिंगमधील दोष, डेंटिंग-पेंटिंग यांपुढे ‘तपासणीनंतर अंदाजपत्रक’ असे लिहावे आणि तपासणीची वेगळी रक्कम घेत असाल तर तीही लिहावी.

दर उघड असण्याचा स्त्री ग्राहकांशी संबंध थेट आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग व्यवस्थापन संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली मांडलेल्या अभ्यासात अनेक गॅरेजांना फोन करून टोयोटा कॅम्री गाडीचा रेडिएटर बदलण्याचा दर विचारण्यात आला होता. विचारणाऱ्याला बाजारभावाची काहीच कल्पना नाही असे दिसले, तेव्हा स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला गेला. मात्र फोन करणाऱ्या व्यक्तीने स्वतःहून अपेक्षित आकडा सांगितला, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या दरांतील हा फरक उरला नाही. अभ्यास परदेशातील असला तरी त्यातील कारण आपल्याकडेही ओळखीचे आहे : समोरच्याला भाव ठाऊक नसावा या गृहीतकावर दर वाढतो. फलक हे गृहीतकच काढून टाकतो. शेजाऱ्याने दहा रुपये कमी लावले तरी चालेल, कारण या ग्राहक सर्वांत स्वस्त गॅरेज शोधत नसून आकडा न बदलणारे गॅरेज शोधत असतात.

४. जॉब कार्डावर नेमके काय असावे?

गाडीचा क्रमांक, किलोमीटरचे रीडिंग, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे आणि पोचे, ग्राहकाने सांगितलेली तक्रार तिच्याच शब्दांत, ठरलेली कामे, अंदाजे रक्कम, गाडी परत देण्याची वेळ, आणि ‘या रकमेपेक्षा खर्च वाढणार असल्यास विचारल्याशिवाय काम करू नये’ हे वाक्य. एक प्रत ग्राहकाला द्यावी. कार्बन प्रत नसेल तर तिला मोबाइलवर फोटो काढू द्यावा.

तक्रार तिच्याच शब्दांत लिहिणे फार महत्त्वाचे आहे. ‘द्वारकेच्या उड्डाणपुलावर चढताना गाडी ओढत नाही आणि करकर आवाज येतो’ या वाक्यात मेकॅनिकला उपयोगी अशी बरीच माहिती असते. भार पडल्यावरच दोष दिसतो, म्हणजे बेल्ट, रोलर, क्लच यांच्याकडे पाहावे, हे त्यातूनच कळते. तिथे ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले की माहिती वाया जाते आणि आपले ऐकलेच नाही अशी तिची समजूत होते. ती समजूत खरीही असते.

५. ग्राहकाला काय म्हणून हाक मारावी? ताई, मॅडम, काकू, वहिनी?

नाशिकमध्ये ‘ताई’ आणि ‘मॅडम’ दोन्ही सहज चालतात. ‘काकू’, ‘मावशी’ हे वयाचा अंदाज बांधून केलेले संबोधन असल्याने अनोळखी ग्राहकासाठी टाळलेले बरे. ‘वहिनी’ तर नवऱ्याशी ओळख असेल तरच योग्य ठरते. जॉब कार्डावर नाव लिहिलेले असते, तेव्हा नावापुढे ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ लावणे उत्तम. संबोधन कोणतेही असो, क्रियापद आदरार्थी असावे, आणि तरुण मुलीलाही ‘तू’ म्हणू नये. महाविद्यालयीन विद्यार्थिनी हा शहरातील स्कूटर ग्राहकांचा मोठा वर्ग आहे आणि ‘तुझ्या पप्पांना पाठव’ हे वाक्य त्यांना सर्वांत जास्त ऐकावे लागते.

६. बिघाड समजावून सांगायला गेलो तर शिकवणी घेतल्यासारखे वाटते, आणि न सांगितले तर फसवल्यासारखे. मग सांगावे कसे?

काय दिसले, ते कशामुळे झाले, आणि आज केले नाही तर काय होईल, या क्रमाने सांगावे आणि जमेल तिथे दाखवावे. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा शहरातही सकाळी सेल्फ न लागणाऱ्या स्कूटर गॅरेजांत येतात. अशा वेळी ‘बॅटरी गेली, नवीन टाकावी लागेल’ एवढ्यावर थांबू नये. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरवर ताण वाढतो, हे एका वाक्यात सांगता येते. मग मल्टीमीटर लावून दाखवावे : गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्याही खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. गाडी सुरू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा दिसत नसेल, तर दोष चार्जिंगच्या बाजूला आहे आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. दोन मिनिटांच्या या प्रात्यक्षिकानंतर निर्णय ग्राहक स्वतः घेते आणि तो निर्णय तिला पटलेला असतो.

कामांची निकड सांगताना भीती घालू नये. ब्रेक पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आले असेल, किंवा कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या मर्यादेला टेकली असेल, तर ते काम लगेच करण्याचे आहे आणि तसे स्पष्ट सांगावे. एअर फिल्टर थोडा मळला असेल तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बदलू’ हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. एखादे काम आज नको असे सांगणाऱ्या मेकॅनिकवर बसलेला विश्वास वर्षानुवर्षे टिकतो.

७. बदललेले जुने पार्ट ग्राहकाला परत द्यावेत का?

होय, न मागता दाखवावेत आणि हवे असल्यास द्यावेत. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे पाठवावा लागतो आणि जुनी बॅटरी बदल्यात जमा करून किंमत कमी केलेली असते. हे दोन अपवाद आधीच सांगावेत.

८. बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह नाही. जागाच नसेल तर काय करावे?

बसण्यासाठी सावलीत दोन खुर्च्या, पंखा आणि प्यायचे पाणी एवढे बहुतेक ठिकाणी शक्य असते. खुर्ची अशा जागी असावी की आपली गाडी दिसेल, पण ये-जा करणाऱ्यांच्या वाटेत बसावे लागणार नाही. स्वच्छतागृह असेल तर त्याला आतून लागणारी कडी, दिवा, पाणी आणि झाकणाची कचरापेटी असावी, आणि ते ऑइलचे डबे ठेवण्याची खोली होऊ नये. जागाच नसेल तर जवळचे ठिकाण ठाऊक असावे आणि विचारल्यावर संकोच न करता सांगावे. याहून चांगला उपाय म्हणजे थांबावेच लागू नये अशी व्यवस्था : वेळ ठरवून गाडी घेणे, सांगितलेल्या वेळी तयार ठेवणे आणि उशीर होणार असेल तर ग्राहक घरून निघण्यापूर्वी कळवणे.

९. आमची मुले वाईट नाहीत, पण बायका आल्या की गप्प होतात. काही चुकीचे बोलले जाईल अशी त्यांना भीती वाटते.

ही भीती खरी आहे आणि तिच्यावर रागावून उपयोग नाही. बहुतेक मुले पंधरा-सोळाव्या वर्षापासून फक्त पुरुषांमध्ये काम शिकलेली असतात; अनोळखी स्त्रीशी कामाचे बोलण्याची सवयच त्यांना झालेली नसते. म्हणून ती मालकाकडे पाहतात, किंवा ग्राहकासोबत आलेल्या पुरुषाशी बोलतात, आणि समोरच्या स्त्रीला तो अपमान वाटतो. त्यांना ठरावीक वाक्ये सांगून ठेवावीत : ‘नमस्कार ताई, गाडीला काय त्रास होतोय?’, ‘हे पाहा, इथून ऑइल गळतंय’, ‘अंदाजे इतका खर्च येईल, करू का?’ चार-सहा आठवड्यांत ती त्यांची स्वतःची होतात.

न करण्याच्या गोष्टीही तितक्याच स्पष्ट सांगाव्यात. एकटक पाहणे, ग्राहक असताना आपसांत शिवीगाळ करणे, भिंतीवर अश्लील कॅलेंडर लावणे, तिच्या गाडी चालवण्यावर शेरे मारणे, ‘लेडीज गाडी आहे, हळूच चालली असेल’ असे म्हणणे, हे बंद व्हायला हवे, आणि ते मालकाने स्वतः आधी बंद करावे. गाडीतील वस्तूंना हात लावू नये. डिकी किंवा ग्लोव्ह बॉक्स उघडणे आवश्यक असेल तर विचारावे. कारची सीट आणि आरसे कामासाठी हलवले असतील तर शक्य तितके पूर्वीच्या जागी आणून गाडी द्यावी. कमी उंचीच्या चालकाला रस्त्यावर आल्यावर पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही हे कळणे धोक्याचे असते.

१०. ट्रायलसाठी ग्राहकाला सोबत यायला सांगावे का?

निवड तिच्यावर सोडावी. ‘तुम्ही चालवून पाहता का, की मी एक चक्कर मारून येऊ?’ असे विचारावे. आवाजाचा दोष असेल तर तिनेच गाडी चालवणे उपयोगाचे असते, कारण तो कधी येतो हे तिला ठाऊक असते. कारमध्ये मेकॅनिक सोबत बसणार असेल तर ट्रायलचा रस्ता आधी सांगावा आणि तो वर्दळीचा असावा. स्कूटरवर मागे बसण्याचा आग्रह धरू नये.

११. मोटारसायकलचे साडी गार्ड खडखडते म्हणून काढून टाकले तर चालते का?

चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची मूठ, पाय ठेवण्याची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. चेन-स्प्रॉकेट किंवा चाकाचे काम करताना साडी गार्ड काढले जाते आणि अनेकदा परत बसवले जात नाही. साडी नेसून किंवा ओढणी घेऊन मागे बसणाऱ्या स्त्रीच्या जिवाशी याचा संबंध आहे. खडखडाट होत असेल तर रबर वॉशर आणि नवा बोल्ट लावावा. ग्राहक पुरुष असला आणि ‘राहू द्या’ म्हणाला, तरीही परत बसवूनच गाडी द्यावी.

१२. गुलाबी फलक, ‘महिलांसाठी विशेष सूट’ असे काही करावे का?

महिला दिनाला सूट देण्यास हरकत नाही, पण तिच्यावर अवलंबून राहू नये. फलकावर दर नसताना दिलेली सूट कोणत्या रकमेवर आहे हे कोणालाच कळत नाही, आणि चौकशी करणाऱ्या ग्राहकाचा संशय उलट वाढतो.

१३. स्त्री मेकॅनिक कामावर घ्यायची आहे. कुठून मिळेल आणि काय तयारी हवी?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. सातपूरच्या शासकीय संस्थेत चौकशी करून तो पूर्ण करणाऱ्या मुलींना उमेदवारीसाठी घेता येते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकारकडून मिळू शकतो. कपडे बदलण्याची बंद जागा, स्वच्छतागृह आणि वेळेवर सुटका हवी. त्यांना फक्त काउंटरवर बसवू नये. गाडीचे काम शिकलेल्या मुलीच्या हातात पाना द्यावा, नाहीतर ती सहा महिन्यांत दुसरीकडे जाईल आणि ते योग्यच असेल.

१४. मी ग्राहक आहे आणि मला गाडीतले काही कळत नाही. गॅरेजात काय विचारावे?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील सर्व्हिसिंगचे वेळापत्रक पाहून जावे. किती किलोमीटरला काय बदलायचे हे त्यात लिहिलेले असते. दोन गॅरेजांना फोन करून त्याच कामाचा दर विचारावा आणि तो आकडा बोलताना उल्लेखावा. त्याचा परिणाम प्रश्न ३ मधील अभ्यासात दिसतो. त्यानंतर पार्ट कंपनीचा आहे की दुसऱ्या बनावटीचा, मजुरी किती, जुना पार्ट दाखवाल का, आणि हे काम आजच हवे का, हे विचारावे. बिघाडाचा व्हिडिओ किंवा आवाज रेकॉर्ड करून नेल्यास मेकॅनिकलाही मदत होते.

१५. बिल मागितले की ‘जीएसटी लागेल, जास्त पडेल’ असे सांगतात. खरे काय?

सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल साधारणपणे २० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. परंतु साधे बिल देण्यात त्याला काहीच अडचण नाही. नोंदणी असलेल्याने कर चुकवण्यासाठी बिल नाकारणे गैर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल नसेल तर पार्टची वॉरंटी मिळत नाही आणि तक्रारही लंगडी पडते.

१६. काम चुकीचे झाले किंवा न केलेल्या कामाचे पैसे घेतले, तर तक्रार कुठे करावी?

आधी गॅरेजला लेखी कळवावे. व्हॉट्सअॅप संदेशही नोंद म्हणून उपयोगी पडतो. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तक्रारदार राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क नाही. मुंबईत किंवा पुण्यात प्रवासात फसवणूक झाली तरी नाशिकच्या आयोगाकडे जाता येते.

१७. आरसीवर नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव आहे. मग तक्रार मी करू शकते का?

होय. ग्राहकाच्या व्याख्येत सेवेचे पैसे देणाऱ्यासोबत त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही येते. गाडी आपण नेली, पैसे आपण दिले, जॉब कार्डावर आपले नाव आहे, तर ‘मालकाला पाठवा’ हे उत्तर पुरेसे नाही. म्हणूनच जॉब कार्ड गाडी आणणाऱ्या व्यक्तीच्या नावाने करावे.

१८. गाडी दिल्यापासून मेकॅनिक रात्री व्हॉट्सअॅपवर ‘हाय’ पाठवतो. याचे काय करावे?

गॅरेजच्या मालकाला संदेशाच्या स्क्रीनशॉटसह कळवावे आणि क्रमांक ब्लॉक करावा. कामासाठी दिलेली वैयक्तिक माहिती इतरांना देणे हीदेखील प्रश्न १५ मधील कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्पष्ट नकारानंतरही संपर्क सुरू राहिल्यास तो पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये त्याची तरतूद आहे. गॅरेजात प्रत्यक्ष गैरवर्तन झाल्यास कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही लागू होतो, कारण त्यात पीडित स्त्री तेथे नोकरीला असण्याची अट नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान गॅरेजबाबत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तातडीच्या वेळी ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ आहेत.

मालकांनी यासाठी गॅरेजचा एकच मोबाइल क्रमांक ठेवावा आणि ग्राहकांशी संपर्क फक्त त्यावरूनच व्हावा.

१९. रात्री कसारा घाटात किंवा त्र्यंबक रोडवर गाडी बंद पडली आणि मी एकटी असेन तर?

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर मदत मागता येते. इतरत्र ११२ वर. हझार्ड दिवे लावून, शक्य असेल तर गाडी कडेला किंवा जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत न्यावी आणि लोकेशन घरी पाठवावे. रस्त्यावर वेगाने वाहने जात असतील तर गाडीत बसून न राहता कठड्यापलीकडे सुरक्षित जागी थांबावे; तशी जागा नसेल तर पट्टा लावून दारे बंद ठेवावीत. मदतीला मेकॅनिक पाठवणाऱ्या गॅरेजने त्याचे नाव, फोटो, गाडीचा क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ आधी पाठवावी, दर फोनवरच सांगावा, आणि काम झाल्यावर गाडी सुरू होऊन मार्गी लागेपर्यंत मेकॅनिकने तिथून निघू नये.

२०. गाडी बाईंनी आणली, पण खर्चाचा निर्णय त्यांचे पती फोनवर देतात. आम्ही कोणाचे ऐकावे?

समोरच्या ग्राहकाला विचारावे : ‘अंतिम होकार कोणाचा लिहू?’ त्यांनी पतींचे नाव सांगितले तर तसे कार्डावर लिहावे, तो त्यांचा निर्णय आहे. मात्र त्यांनी सांगितलेले नसताना आपण होऊन घरच्या पुरुषाचा क्रमांक मागू नये, आणि फोन पतींचा आला तरी माहिती आधी गाडी आणणाऱ्या ग्राहकाला द्यावी.

२१. पती-पत्नी वेगळे राहतात. गाडी पत्नीने दिली होती आणि न्यायला पती आले. गाडी द्यावी का?

गाडी ज्या व्यक्तीने आणली तिला फोन करून तिच्या होकाराशिवाय देऊ नये. गाडी नेण्यासाठी जॉब कार्डाची प्रत किंवा नोंदवलेल्या क्रमांकावर पाठवलेला सांकेतिक अंक आवश्यक असल्याचा नियम सर्वांनाच लावलेला असेल, तर अशा वेळी वाद घालावा लागत नाही. ती किती वाजता येणार आहे, सध्या कुठे राहते, तिचा नवा क्रमांक काय, यांतील काहीही सांगू नये. घरगुती छळातून बाहेर पडलेल्या स्त्रीसाठी ही माहिती बाहेर जाणे जिवावर बेतू शकते. आरसी पतींच्या नावावर असेल आणि ते हक्क सांगत असतील तर गॅरेजने निवाडा करू नये. दोघांपैकी कोणाच्याही दबावाखाली चावी न देता पत्नीला तत्काळ कळवावे, आणि वाद वाढल्यास पोलिसांना बोलावून त्यांच्यासमोर लेखी नोंद करून पुढचे पाऊल उचलावे.